सामानाजवळचं माणूस

त्या घरात एक नियम होता आणि तो कोणी केला हे कोणालाच सांगता येत नव्हतं. सगळे मिळून बाहेर गेले की सामानाजवळ कोणीतरी बसायचं, आणि ते कोणीतरी म्हणजे लग्न होऊन घरात सर्वांत शेवटी आलेलं माणूस. सासूबाई सांगत, त्या नव्या असताना एकदा सगळे तळ्यात उतरले, तेवढ्यात पिशव्या कोणीतरी लांबवल्या आणि अख्खं खटलं ओल्या कपड्यांनी अनवाणी घरी आलं. तेव्हापासून त्या बसू लागल्या. थोरली सून आली तेव्हा त्या उठल्या. धाकटी आली तेव्हा थोरली उठली. धाकटी मात्र चौथा उन्हाळा बसून काढत होती.

ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करी. खोलीला खिडकी नव्हती. समोर फिरतं दगडी चाक, त्यावर पाण्याची बारीक धार, आणि काच टेकवली की दात शिवशिवतील असा आवाज. आठवडाभर तो आवाज डोक्यात घेऊन ती रविवारची वाट बघे, आणि रविवार आला की चटईवर बसे.

तिचं माहेर नदीकाठचं. वडिलांनी कमरेला दोर बांधून तिला पाण्यात सोडलं होतं, आणि शाळेचं दप्तर नीट उचलता येण्याआधी तो दोर सुटलाही होता. भावांच्या आधी ती पैलतीराला लागायची. लग्न ठरताना होणारा नवरा म्हणाला होता की आमच्याकडे गावाबाहेर मोठं तळं आहे, मधोमध लाकडी तराफा बांधून ठेवलाय, उन्हाळ्यात आपण दोघं तिथपर्यंत पोहत जाऊ. होकार द्यायला तिच्याकडे इतर कारणंही होती. पण ते तराफ्याचं बोलणं तिने मनात जपून ठेवलं होतं.

पहिल्याच सहलीत सासूबाईंनी झाडाखाली चटई पसरली आणि म्हणाल्या, ‘तू बस हं जरा.’ तो ‘जरा’ अजून संपला नव्हता.

तसं घर वाईट नव्हतं. हसतंखेळतं होतं. सासरे बसचालक म्हणून निवृत्त झालेले; उन्हाळा लागला की शेजाऱ्याची जुनी गाडी मागून आणत आणि सगळ्यांना कोंबून कुठेतरी नेत. एक रविवार टेकडी, एक रविवार जत्रेसारखं काही, बाकी सगळे तळ्यावर. टेकडीवर सगळे चढले, ही पायथ्याशी डब्यांपाशी. मोठ्या पाळण्यात सगळे बसले तेव्हा हिच्या ओंजळीत तीन चष्मे, दोन मोबाइल आणि पोरांच्या चपला. वरून थोरलीची पोरं ‘काकू, काकू’ म्हणून हात हलवत होती आणि हिला उलट हात हलवता येत नव्हता. घरी आल्यावर मात्र ‘काय मजा आली’ हे सगळे तिलाच सांगत, जणू ती दुसऱ्या गावाहून आलेली पाहुणी.

तरी ती गप्प होती, कारण धाकटा दीर लग्नाचा होता. आज ना उद्या त्याची बायको येईल आणि आपण उठू. ही आशा फारशी शोभेची नव्हती, हे तिला कळत होतं. एक परकी मुलगी येऊन आपल्या जागी बसावी म्हणून आपण दिवस काढतोय, असं कधी मनात आलं की ती चटकन दुसरं काहीतरी हाती घेई.

त्या रविवारी तळ्याकाठी कलिंगड कापताना धाकट्या दिराने सहज सांगून टाकलं. त्याला मोठ्या जहाजावर कायमची नोकरी लागली होती आणि लग्न करायचा त्याचा मुळीच विचार नव्हता. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. सासऱ्यांनी पाठ थोपटली. मग थोरले दीर कलिंगडाची बी थुंकत म्हणाले, “म्हणजे धाकटीची बढती गेली. आता कायमची नेमणूक.”

सगळे हसले. नवराही हसला. सासऱ्यांनी भर घातली की अहो, इतकी वर्षं बसली, आता त्या झाडाला तिचं नाव द्यायला हवं. त्यावर पुन्हा हसले. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने कलिंगडाची फोड खाली ठेवली आणि सालं गोळा करायला लागली, कारण हातांना काहीतरी काम दिलं नसतं तर त्यांनी काय केलं असतं याची तिला खात्री नव्हती.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला विचारलं, की पुढच्या वेळी तू बसशील का? त्याला आधी ती थट्टा वाटली. मग तो समजुतीने बोलू लागला. एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस, वर्षातले पाच-सहा रविवार, सावलीत तर बसायचं, आई तुझं किती कौतुक करते. तो बोलत गेला तसतसा तिला राग चढत गेला. गोष्ट एवढीशी होती तर ती त्याला का उचलता येऊ नये?

दुसऱ्या दिवशी भांडी घासताना तिने थोरलीपाशी विषय काढला. आपली वेदना हिला तरी कळेल, ही पण बसलेलीच आहे, असं तिला वाटलं होतं. आपण आळीपाळीने बसू या का, असं तिने विचारलं. थोरलीने नळ बंद केला आणि हात पुसून तिच्याकडे वळली.

“मी सात उन्हाळे बसले,” थोरली म्हणाली. “पोटुशी असताना बसले, पोर मांडीवर घेऊन बसले. तेव्हा मला कोणी विचारलं नाही, आळीपाळीने बसू या का म्हणून. आणि आता मी परत बसू?”

“मी तुम्हालाच एकटीला बसा म्हणत नाही, ताई. सगळ्यांनीच.”

“सगळे म्हणजे कोण ते मला माहितीय. पुरुष काही बसत नाहीत. फिरून माझ्याच गळ्यात येणार. तू बस गुपचूप. ज्याची पाळी त्याने भरावी.”

नळ पुन्हा सुरू झाला. धाकटी ताटं पुसत राहिली. जेलमधून सुटलेलं माणूस तुरुंगाच्या भिंती उंच करा म्हणून सांगतं आहे, असं काहीसं तिच्या मनात आलं. पण नवी जाऊ येण्याची आपण वाट बघत होतो तेव्हा आपण तरी काय निराळं करत होतो? थोरलीवरचा राग निम्मा स्वतःकडे वळला. कमी मात्र झाला नाही.

पुढच्या रविवारी तिने साध्या कपड्यांच्या आत पोहायचे कपडे घातले. तळ्यावर चटई पसरली, पिशव्या रांगेत लावल्या, सगळे पाण्यात उतरेपर्यंत थांबली. थोरले दीर पोरांना घेऊन उथळ पाण्यात डुंबत होते. थोरली गळ्याइतक्या पाण्यात डोळे मिटून उभी होती. नवरा आणि धाकटा दीर एकाच हवा भरलेल्या चाकाला लोंबकळत होते. सासूबाई सासऱ्यांचा हात धरून गुडघाभर पाण्यात. ती उठली, वरचे कपडे घडी करून पिशवीवर ठेवले आणि सरळ चालत पाण्यात शिरली.

ती सासूबाईंच्या बाजूने गेली तेव्हा त्यांना क्षणभर ओळखच पटली नाही. मग त्या म्हणाल्या, “अगं, सामान?”

पाणी कमरेला लागलं तशी तिने झेप घेतली. मागून एकेकाचा आवाज येत होता. सामान. अगं सामान. सामानाजवळ कोण आहे? ती हातागणिक ऐकत होती. ती खोल पाण्याकडे चालली होती, या घरातल्या कोणी तिला आजवर पोहताना पाहिलं नव्हतं, आणि ती बुडेल अशी शंका एकाच्याही तोंडून निघत नव्हती. तिला पाण्यातच ओरडावंसं वाटलं. त्याऐवजी तिने पाय जोरात मारले.

तराफ्यावर चढून तिने मागे पाहिलं. अख्खं कुटुंब पाण्याबाहेर आलं होतं आणि चटईभोवती निथळत उभं होतं, एखाद्या मढ्याभोवती उभं राहावं तसं. कोणीच बसत नव्हतं. बसेल तो अडकेल, हे सगळ्यांना नीट ठाऊक होतं.

थोड्या वेळाने नवरा चाक घेऊन पाय हलवत हलवत तिच्यापर्यंत आला. चारचौघांत ती त्याला अहो-जाहो करी. इथे ऐकायला कोणी नव्हतं.

“चल आता,” तो धापा टाकत म्हणाला. “झाली ना हौस? आई चिडलीय.”

“हौस?” ती म्हणाली. “आपण इथे पोहत येणार होतो. तूच म्हणाला होतास.”

त्याला खरंच आठवेना. तो भुवया आकसून आठवायचा प्रयत्न करत होता, आणि त्या प्रामाणिक चेहऱ्याचा तिला सगळ्यांत जास्त राग आला. खोटं बोलला असता तर भांडता आलं असतं.

“बरं, असेन म्हणालो,” तो म्हणाला. “पण मग सामानाजवळ कोण बसणार?”

“तू बस.”

तो हसला. ती हसली नाही. मग तोही थांबला, आणि चाक वळवून एकटाच काठाकडे गेला. परतीच्या वाटेवर गाडीत पोरांना कुणी गाणी म्हणू दिली नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी सासऱ्यांना ऊन फार वाटलं. पुढच्या रविवारी शेजाऱ्याची गाडी मोकळी नव्हती. सहली बंद झाल्या. सगळ्यांनी आळीपाळीने बसण्यापेक्षा कोणीच कुठे न जाणं त्या घराला सोपं वाटलं. थोरलीची पोरं तळ्याचं विचारत आणि थोरली धाकटीकडे बघून म्हणे, “काकूला विचारा.” एकदा धाकटीने त्यांना सांगूनही टाकलं की माझं काही म्हणणं नाही, तुमचे बाबा चटईवर बसले की आपण निघू. थोरले दीर वर्तमानपत्रातून डोकं वर काढीनात.

मग एका रविवारी ती एकटीच निघाली. सासूबाईंनी विचारलं, दुपारचं काय? तिने भात करून ठेवल्याचं सांगितलं. नवरा दारापर्यंत आला. एकटी जातेस, लोक काय म्हणतील, हे तो बोलला. मीही येतो, हे काही त्याच्या तोंडून आलं नाही. तिने क्षणभर वाट पाहिली होती. मग जिना उतरली.

तिने बरोबर एक पंचा आणि परतीच्या बसपुरते पैसे घेतले होते. पैसे पंच्यात गुंडाळून, चपलांखाली दाबून ती पाण्यात गेली. वाटलं होतं, एकटीने पोहताना तरी मन शांत होईल. तसं काही झालं नाही. पाणी गार होतं, हात चांगले चालत होते आणि रागही तेवढाच चालत होता. थोरले दीर, कायमची नेमणूक, दारात उभा राहिलेला नवरा. तराफ्यापाशी पोहोचण्याआधी तिची मान आपोआप मागे वळली. चपला जागेवर दिसत होत्या.

चार उन्हाळ्यांनी मानेला ही सवय लावली होती. तिने स्वतःलाच एक शिवी हासडली, तराफ्याला हातही न लावता त्याला वळसा घातला आणि पैलतीराकडे पोहू लागली. तिकडून चपला दिसत नव्हत्या.