उजव्या कुशीवरचा कॉम्प्युटर

फोन आला तेव्हा मी हिंजवडीहून सुटलेल्या कंपनीच्या बसमध्ये होते आणि बस अर्ध्या तासापासून एकाच चौकात उभी होती. "सविता, आत्या गेली गं," मृणाल म्हणाली. मृणाल म्हणजे वसुधाकाकूंची भाची. "सकाळी चहाचा कप घेऊन खुर्चीत बसली, आणि... तशीच." मग ती म्हणाली, "तिच्या कपाटात एक जुनी वही निघालीय. वर तुझ्या नावाची चिठ्ठी आहे. घेऊन जा." कुठली वही, हे मला विचारावं लागलं नाही.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. काकू काही प्रसिद्ध व्यक्ती नव्हत्या. कर्वेनगरच्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. काका लवकर गेले होते, मूलबाळ नव्हतं. पण आज मी जे काम करते, ज्या खुर्चीत बसून माझ्या हाताखालच्या बारा जणांना शिकवते, त्यातलं बरंचसं मी त्यांच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून शिकले आहे. हे कुठेतरी लिहून ठेवलं पाहिजे, असं रोज वाटतंय. काकूंच्या भाषेत सांगायचं तर, जे लिहिलं नाही ते झालंच नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावाची. बाबा जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे उचलायचे. दहावी-बारावी मराठी शाळेत करून मी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला पुण्यात आले तेव्हा मी कॉम्प्युटर फक्त दोनदा पाहिला होता, तोही झाकलेला. ओळखीतून काकूंकडे राहायची सोय झाली. पहिल्या दिवशी त्यांनी मला घर दाखवलं, पाणी किती वाजता येतं ते सांगितलं, आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे बोट करून म्हणाल्या, "हा मृणालने दिलाय. तिने नवा घेतला, जुना मला दिला. चालत नाही म्हणून दिला की प्रेमाने दिला, ते अजून ठरलेलं नाही."

तो खरोखरच फार वैताग देणारा कॉम्प्युटर होता. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात काकूंची भाजी चिरून व्हायची. मध्येच पडदा निळा व्हायचा. सीडीचा कप्पा बटण दाबून कधीच बाहेर यायचा नाही. त्याच्या बारीक छिद्रात सरळ केलेली यू-पिन घालून तो उघडावा लागायचा, आणि ती यू-पिन कॅलेंडरच्या खिळ्याला दोऱ्याने टांगलेली असायची. एकदा पडद्यावर संदेश आला की या प्रोग्रामने बेकायदेशीर कृती केली आहे, म्हणून तो बंद करण्यात येईल. मी घाबरून हात मागे घेतला. काकूंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली," त्या म्हणाल्या, "असा आरोप कुणी केला नव्हता. लिहून घे."

काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बिघाड दुरुस्तीच्या विभागात होत्या. तिथे तक्रार आली की चिठ्ठी भरायची पद्धत होती आणि चिठ्ठी भरल्याशिवाय कुणी पक्कडीला हात लावायचा नाही. निवृत्त झाल्यावर एक्स्चेंज सुटलं, पण पद्धत काही सुटली नाही. कॉम्प्युटरसाठी त्यांनी एक जाड फुलस्केप वही केली होती. पट्टीने आखलेले रकाने: तारीख, तक्रार, काय केले, काय झाले, सही. पहिल्या पानावर यंत्राच्या प्रत्येक भागाचा नंबर. नियम दोनच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि अंदाज वहीत लिहायचा नाही. "अंदाज डोक्यात ठेव. वहीत फक्त डोळ्यांना दिसलं ते." पडद्यावरचा इंग्रजी संदेश अक्षरन् अक्षर उतरवायचा. मला निम्मे शब्द कळायचे नाहीत, मग त्या शब्दकोश पुढ्यात टाकायच्या. वर्गात इंग्रजी बोलायला मी लाजायचे, पण त्या चुकांच्या संदेशांमधून माझं इंग्रजी वाढत होतं... हे मला फार नंतर कळलं.

दुसऱ्या वर्षी सीडी ड्राइव्हने सीडी वाचणंच बंद केलं. त्यात सीडी लिहायचीही सोय होती, त्यामुळे मला तो हवाच होता. आम्ही आठवडाभर त्याच्या मागे लागलो. वायर बदलली, भिंग पुसलं, प्रत्येक वेळी वहीत नोंद. एके दिवशी धूळ पुसायला मी कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा उभा डबा, चालू असतानाच जमिनीवर आडवं केलं आणि आत राहिलेली सीडी आडव्यातच फिरायला लागली. पडद्यावर फायली दिसल्या! मी ओरडलेच. काकू स्वयंपाकघरातून आल्या, म्हणाल्या, "उभं कर." उभं केलं, बंद. "आता आडवं." वाचली. "पुन्हा." तीनदा केल्यावर त्यांचं समाधान झालं. मी लिहिलं: 'कॅबिनेट उजव्या कुशीवर आडवे ठेवले असता सीडी वाचते.' त्या दिवसापासून आमचा कॉम्प्युटर एका लाकडी पाटावर उजव्या कुशीवर झोपलेला असायचा. येणारेजाणारे हसायचे. "आजारी आहे का?" असं शेजारच्यांनी विचारलं, तर काकू म्हणाल्या, "विश्रांती घेतोय. तुमच्यापेक्षा जास्त काम करतो."

मग तिसरं वर्ष आलं. शेवटचा प्रोजेक्ट सीडीवर द्यायचा होता. माझा प्रोजेक्ट आमच्या गावच्या वाचनालयासाठी होता, पुस्तकांची देवाणघेवाण नोंदवणारा. गणिताचा एक पेपर माझा आधीच मागे राहिला होता, त्यामुळे प्रोजेक्ट हातचा गेला असता तर वर्ष गेलंच असतं, आणि एक वर्ष गेलं तर मला पुन्हा पुण्याला पाठवणं बाबांना जमणार नाही, हे घरात कुणी न बोलताही सगळ्यांना ठाऊक होतं. मुदतीला चार दिवस होते. काकू साताऱ्याला बहिणीकडे गेल्या होत्या. आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. काळा पडदा, एक ओळ, बस्स. मी वही उघडली नाही. ती ओळ उतरवली नाही. रिक्षात कॅबिनेट घातलं आणि जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल. ड्राइव्ह पण गेलाय तुमचा, नवा टाकतो." फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसलं जाणार, पण प्रोजेक्टच्या दोन सीड्या माझ्याकडे होत्या, त्यामुळे मी बिनधास्त हो म्हटलं.

घरी आणून सीडी नव्या ड्राइव्हमध्ये घातली. ती फिरली आणि संदेश आला: कृपया डिस्क घाला. दुसरी घातली, तेच. कॉलेजच्या लॅबमध्ये सहा मशिनवर घालून पाहिली. एकाही मशिनला त्यात काही दिसेना.

काकू दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या तेव्हा मी पाटाशेजारी बसून रडत होते. पाटावर काही नव्हतं. कॅबिनेट टेबलाखाली उभं होतं, सगळ्या जगाच्या कॅबिनेटसारखं. आदल्या संध्याकाळी बाबांना फोन केला होता, तर ते एवढंच म्हणाले होते, "रडून कायले राह्यली? काकू येतीन ना उद्या, त्याईले विचार." काकूंनी पिशवी ठेवली, पाणी प्यायलं.

"वहीत काय लिहिलंस?"

"काही नाही."

"आणि माझी पत्रं?"

तेव्हा मला आठवलं. एक्स्चेंजमधल्या मैत्रिणींना लिहिलेली त्यांची दोन वर्षांची पत्रं, आठवणी, सगळं त्याच कॉम्प्युटरवर होतं आणि त्याची सीडी कुणी केली नव्हती. मी मान वर करू शकले नाही. काकूंनी चष्मा काढून पुसला, परत लावला. मग म्हणाल्या, "माझं सगळं माझ्या डोक्यात आहे, परत लिहीन. तुझा प्रोजेक्ट कुणाच्या डोक्यात आहे? तोंड धू. वही आण."

आम्ही वही मागून पुढे वाचत गेलो. दोन्ही सीड्या आमच्या जुन्या ड्राइव्हवर, आडव्या अवस्थेत लिहिलेल्या होत्या. काकूंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "याने वाकड्या मानेने लिहिलंय. सरळ मानेने कोण वाचणार? जुना कुठे आहे?"

जुना दुकानात होता. आम्ही तशाच निघालो. दुकानदाराने एक खोकं पुढे सरकवलं. त्यात सारखेच दिसणारे आठ-दहा ड्राइव्ह. "काकू, खराब ड्राइव्ह परत मागणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहतोय. यातला तुमचा कुठला ते मला कसं कळणार?"

"तुम्हाला नाही कळणार," काकू म्हणाल्या. "हिला कळेल."

मी वहीचं पहिलं पान उघडलं आणि एकेक ड्राइव्ह उलटा करून नंबर जुळवत गेले. पाचवा आमचा निघाला. दुकानदाराने तो फडक्याने पुसून दिला.

घरी आल्यावर काकूंनी स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला. "मी सांगणार नाही. वही सांगेल." ड्राइव्ह बसवला. कॅबिनेट पाटावर, उजव्या कुशीवर ठेवलं. यू-पिनने कप्पा उघडला, सीडी घातली... आणि काही नाही. पुन्हा घालावी, दुसरी घालावी, असं सगळं एकदम करावंसं वाटत होतं. काकू खुर्चीत बसून माझ्याकडे पाहत होत्या. मी हात मागे घेतला आणि वही चाळली. मागच्या डिसेंबरातली माझीच नोंद सापडली: 'थंड असताना वाचत नाही. दहा मिनिटे चालू ठेवल्यावर वाचली.' मी ती मोठ्याने वाचली. "मग?" काकू म्हणाल्या. "दहा मिनिटं थांबायचं," मी म्हटलं. त्यांनी उठून चहा टाकला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत आम्ही दोघींनी तो प्यायला. दहा मिनिटं झाल्यावर मी सीडी पुन्हा आत ढकलली. हिरवा दिवा लुकलुकला, थांबला, मग स्थिर झाला. पडद्यावर माझ्या फायली एकाखाली एक उमटल्या.

मी नोंद लिहिली. ती त्या वहीतली शेवटची ओळ होती, खाली जागाच उरली नव्हती. सहीचा रकाना नेहमी काकूंचा असायचा. सुपरवायझरची सही म्हणून त्या आपली दोन अक्षरं टाकायच्या. "ठेव, मी करते," म्हणाल्या, आणि वही कपाटात गेली. दुसऱ्या दिवशी नवी वही आखली. फायली कॉम्प्युटरवर उतरवून, नवा ड्राइव्ह पुन्हा लावून मी सरळ उभ्या कॅबिनेटवर नवी सीडी लिहिली, आणि प्रोजेक्ट वेळेत गेला. गणिताचा पेपर कसा गेला ते मला स्वतःलाही सांगता येत नव्हतं. पण निकाल लागला, आणि आमच्या घरात पहिल्यांदा कुणाच्या नावापुढे पदवी लागली. काकूंनी पेढे आणले, आणि म्हणाल्या, "बरं झालं. आता बल्ब बदलायला तरी हक्काने बोलावता येईल." त्यांची पत्रं त्यांनी पुढच्या वर्षभरात खरंच पुन्हा लिहून काढली. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, दोन बोटांनी टाइप करून. मला एका शब्दाने कधी ऐकवलं नाही.

आज माझ्या टीममध्ये नवीन कुणी आलं की मी पहिल्या दिवशी एक कोरी वही देते. मुलं हसतात, "मॅडम, सिस्टीममध्ये सगळं लॉग होतं ना." मी म्हणते, होतं, तरी लिहा. महिनाभरात हसणं थांबतं.

गेल्या रविवारी मी कर्वेनगरला जाऊन वही घेऊन आले. हॉलमध्ये पाट तिथेच होता, भिंतीला लावून उभा. खिळ्याला यू-पिनही होती. घरी येऊन मी वही शेवटून उघडली. ती शेवटची नोंद माझ्या अक्षरात: तारीख, तक्रार, काय केले, काय झाले. आणि सहीच्या रकान्यात काकूंच्या नेहमीच्या दोन अक्षरांच्या जागी, त्यांच्या ठसठशीत अक्षरात, त्याच दिवसाची तारीख घालून, पूर्ण ओळ होती: 'दुरुस्त केले: सविता देविदास, बी.एस्सी.'

निकाल लागायला तेव्हा तीन महिने बाकी होते. मी सगळी वही पुन्हा वाचली, एकेक पान. जे डोळ्यांना दिसलं नव्हतं असं त्यात दुसरं काहीही लिहिलेलं नाही.