अर्धवेळ काकूंचं हजेरी रजिस्टर

ती घटना विसरावी म्हणून मी बदली मागून घेतली होती. विसरलो नाही. सरकारी कागदात ती 'चोरीचा माल चोवीस तासांत बरामद' अशी नोंदलेली आहे आणि त्याबद्दल साहेबांनी सर्वांसमोर माझी पाठही थोपटली. तो माल कसा सापडला, हे मात्र मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. घरीसुद्धा नाही.

मी तेव्हा झाशीत, बिजौलीच्या बाजूच्या एका चौकीचा प्रमुख होतो. आसपास सगळे छोटे कारखाने. तक्रारीही ठरलेल्या असत: तांब्याची तार, भंगार, मोटरसायकल. एका सकाळी पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्या कारखान्याचे मालक स्वतः तहरीर, म्हणजे लेखी फिर्याद, घेऊन आले. चोरीला गेलं होतं एक जुनं हजेरी रजिस्टर.

"इसकी क्या कीमत होगी?" मी विचारलं.

"कीमत की नहीं, उसूल की बात है, दरोगा जी."

तत्त्वासाठी चौकीची पायरी चढणारा मालक मी तोवर पाहिला नव्हता. पहिला संशय मला त्यांचाच आला. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे मी तो सोयीस्करपणे सोडून दिला.

कारखान्यात जाऊन पाहिलं. पूर्णवेळ कामगार अंगठ्याच्या मशीनवर हजेरी लावत. अर्धवेळ माणसं तिघंच: झाडूवाला, माळी आणि मालाची चलनं लिहिणाऱ्या एक बाई. त्यांना मशीनवर घेतलेलं नव्हतं. हिरव्या पुठ्ठ्याच्या एका जाड रजिस्टरात ती रोज सही करत. बाई रोज दहा ते दोन यायच्या, बारा वर्षं. महिन्याभरापूर्वी त्यांना 'उद्यापासून येऊ नका' सांगितलं होतं आणि त्यांनी ग्रॅच्युइटी मागितली होती. त्यावर मालकांचं म्हणणं मुनीमजींनी मला हसत हसत ऐकवलं: "चार घंटे की नौकरी में काहे की ग्रेच्युटी?"

खबर दिली गेटवरच्या चौकीदाराने. "बहनजी हिसाब पूछने आई थीं, साहब. लौटते में झोले में टिफिन से बड़ी चीज़ थी. मैंने टोका नहीं. बारह साल से नमस्ते करती हैं."

मी बाईंना चौकीवर बोलावून घेतलं. साठीच्या आसपासच्या, सुती नऊवारी, मोतीबिंदूचा चष्मा. पाहताक्षणी ओळखलं. आमच्यासारख्याच, पिढ्यान्‌पिढ्या झाशीत राहिलेल्या मराठी घरातल्या. अशी घरं इथे बोटांवर मोजण्याइतकी. लहानपणी आईच्या हळदीकुंकवाला त्या येत, मी त्यांना काकू म्हणत असे. त्या दिवशी म्हटलं नाही. चौकीत सगळे मला 'मराठी साहब' म्हणत आणि आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणेल, याची मला धास्ती होती. म्हणून इतर कुणाशी बोललो नसतो इतका कोरडा त्यांच्याशी बोललो, तेही हिंदीत.

"रजिस्टर आपने लिया?"

"नहीं साहब. मैं क्यों लूँगी?"

तासभर हेच चाललं. अट्टल चोर तपशील देतो. साधा माणूस एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो. त्या साध्या होत्या आणि खोटं बोलत होत्या, दोन्ही मला दिसत होतं.

महिला शिपाई पाणी आणायला दारापर्यंत गेली, तेव्हा काकू पुढे झुकल्या आणि हळूच मराठीत म्हणाल्या, "तू धाकटा ना रे? ओळख दाखवायची नसली तर नको दाखवूस. ऐक तेवढं. रजिस्टर माझ्याकडेच आहे. सीपरीला नणंदेकडे, गव्हाच्या कोठीत. लेबर ऑफिसात माझी तारीख आहे येत्या सोमवारी. तिथला बाबू म्हणाला, बारा वर्षांचा पुरावा आणा. दुसरा कुठला आणू? पगाराची पावतीसुद्धा दिली नाही कधी मेल्यांनी. सोमवार होऊ दे, मग तुझ्या हातात आणून देते. मग काय ती शिक्षा कर."

मी म्हटलं, "ठीक है."

त्यांनी त्याचा अर्थ 'बरं' असा घेतला. तोच घ्यावा असं मला वाटत होतं, हेही कबूल करतो.

शिपाई परत आली. "क्या कह रही थीं, सर?"

"कबूल कर लिया," मी म्हणालो.

तासाभरात सीपरी बाजार भागातल्या नणंदेच्या घरातून रजिस्टर ताब्यात घेतलं. काकूंचा झोलाही माल म्हणून जमा केला. जप्तीच्या कागदावर मी लिहिलं, 'एक पुराना रजिस्टर'. आत काय आहे ते लिहिलं नाही. पण मी ते उघडून पाहिलं होतं. पानापानावर काकूंची ठसठशीत सही. मोठे खंड दोनच: एकदा पतीच्या दिवसांचे, एकदा डोळ्याच्या ऑपरेशनचे. ग्रॅच्युइटीसाठी कायदा कामाचे दिवस मोजतो, रोजचे तास नाही, हे मला त्याच आठवड्यात एका वकिलाने सांगितलं होतं. म्हणजे हातात काय आहे, हे मी जाणून होतो. सोमवारी काकू लेबर ऑफिसात रिकाम्या हाताने गेल्या. त्यांना पुढची तारीख मिळाली.

मग मालकांनी रजिस्टर परत मिळावं म्हणून कोर्टात अर्ज केला. कोर्टाने आमचा अहवाल मागवला. मी 'कोई आपत्ति नहीं', म्हणजे परत द्यायला हरकत नाही, असं लिहून सही केली. लेबर ऑफिसातल्या पुढच्या तारखेला मालकांनी सांगितलं की रजिस्टर वाळवीने खाल्लं. चोरीचा खटला मागे घेण्याच्या बदल्यात काकूंनी 'काही येणं नाही' असा कागद लिहून दिला.

तो कागद झाल्यावर त्या चौकीवर आल्या. मी एकटाच होतो. काही तरी बोलायला म्हणून मराठीत म्हटलं, "बसा काकू."

त्या उभ्याच राहिल्या. "दरोगा जी, मेरा झोला मिल जाएगा?"

मी झोला दिला. त्यांनी पावतीवर सही केली. तीच सही.

संशय कुणाचा घ्यायचा हे पोलीस ठरवतो, असं लोकांना वाटतं. बहुतेक वेळा जो आधी तहरीर आणतो, तो ठरवतो. आणि माणूस अन्याय करतो तो दर वेळी पैसे खाऊनच करतो असं नाही. मी एक रुपया घेतला नाही. मला फक्त निःपक्षपाती दिसायचं होतं.

अलीकडे मुदतीआधी निवृत्ती घेतली. माझी ग्रॅच्युइटी मंजूर झाली. मी इतकी वर्षं कामावर येत होतो याचा पुरावा मला कुणी मागितला नाही. सेवापुस्तिका कार्यालयानेच काढून दिली. त्यानंतर त्या वकिलाला पुन्हा भेटलो. तो म्हणाला, 'काही येणं नाही' असं लिहून दिलं तरी ग्रॅच्युइटीचा हक्क बुडत नाही, उशीर माफ होऊ शकतो, अडचण फक्त पुराव्याची आहे; ते रजिस्टर स्वतः पाहिलेल्या कुणी शपथेवर सांगितलं तर फरक पडेल.

ते पाहिलेला आणि सांगू शकणारा माणूस मी आहे. सांगितलं, तर 'कोई आपत्ति नहीं' का लिहिलंत, याचंही उत्तर द्यावं लागेल. म्हणून घाबरतो. काकू आता सीपरीत, नणंदेकडेच राहतात.

बारा वर्षांच्या त्या सह्या मी डोळ्यांनी पाहिल्या, एवढं सांगणारं एक शपथपत्र मी त्यांना देणं लागतो. अजून दिलेलं नाही.