चुकीच्या हॉलमध्ये केलेलं पिच

मागच्या शनिवारी वळ गावात माझा जो गोंधळ उडाला, तो अजून पुरता निस्तरलेला नाही...

मी आणि माझी नणंद कल्पना, आम्ही दिघाशी गावात पॉवरलूमवरच्या टाकाऊ सुती धाग्यांच्या चटया हातमागावर विणतो. भाजीच्या रोपांभोवती अंथरायच्या. तण कमी उगवतं, ओल टिकते आणि शेवटी चटई मातीतच कुजून जाते.

शेतीतल्या स्टार्टअपसाठी वळला पिच कॉम्पिटिशन होती, आपला धंदा मांडायचा, ऐकायला इन्व्हेस्टर येणार होते. आजवर घरातलेच पैसे घालत आलो... आता कुणी मिळालं नाही तर काम बंद, असं आमचं ठरलं होतं. बोलणार मी. कल्पना कल्याणहून थेट येणार होती.

वळमध्ये गोडाऊनचं एक गेट दुसऱ्यासारखंच. मॅपने सोडलं तिथे वॉचमन म्हणाला, "मीटिंग ना? ऊपर जाइए." वर खुर्च्या, माइक, पाण्याच्या बाटल्या आणि पांढऱ्या शर्टातली वयस्कर मंडळी. इन्व्हेस्टर असेच असत असतील, म्हटलं. एकांनी तुमचीच वाट बघत होतो म्हणत माइकच हातात दिला. मी फोन सायलेंट केला आणि सुरू झाले.

ऐकलं मात्र मन लावून. चटई हातोहात फिरली, कुणी वास घेतला, कुणी ओढून पाहिली. पण प्रश्न भलतेच... भिंतीलगत कोणती झाडं जगतील, ट्रक मागे घेताना रोपं चिरडतील का. मार्केटबद्दल काही नाही, स्केलबद्दल काही नाही. मी आपली उत्तरं देत राहिले.

मग मागून एक काका उठले. "दोन गोडाऊनच्या मधी माझी थोडी जागा हाय. भाजी लावतो. तिथं टाकून बघशील?"

मला वाटलं, डील आली! धीर करून कंपनीतल्या हिश्शाचं विचारलं, "काका, टक्के किती घेणार?"

ते गोंधळले. "भाजीत कसले टक्के? लागंल तेवढी घेऊन जा."

तेवढ्यात माइक देणाऱ्यांनी विचारलं, कंपाउंडमध्ये झाडं लावायला कधीपासून येताय? तेव्हा उलगडा झाला. ती गोडाऊनच्या गाळेमालकांची मीटिंग होती आणि त्यांनी नर्सरीवाल्या ताईंना बोलावलं होतं... फोन पाहिला तर कल्पनाचे मिस्ड कॉलच मिस्ड कॉल.

खरा हॉल मागच्याच कंपाउंडमध्ये होता. धावत गेले, पण आमचा नंबर होऊन गेला होता. शेवटी तरी घ्या म्हणून कल्पनाने विनवलं होतं, त्यांनी नाही म्हटलं. गेटपाशी उभी होती, डोळे लाल.

रागावण्याआधी तिने एवढंच विचारलं, "कुणी मिळालं का, वहिनी?"

म्हटलं, एक काका मिळालेत. पैसे नाहीत, जागा आहे.

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "जागा केवढी आहे? त्या हिशोबाने विणायला घेते."

काल काकांच्या वांग्यांमध्ये चटया अंथरल्या. मीटिंगमधले दोघं-तिघं बघायला आले होते. एकाने मिरचीला चालेल का विचारलं...

स्टार्टअप वाचलं की बंद पडणं नुसतं लांबलं, खरंच सांगता येत नाही. पण काकांनी त्या दिवशी मागच्या खुर्चीवरून उठून विचारलं, त्याबद्दल मनापासून आभार. नाहीतर आज आम्ही दोघींनी हातमाग विकायला काढला असता.