मामांनी शिवलेलं झबलं

अख्ख्या हडपसरात आमच्या मामांइतकं अचूक मापात शिवणारा माणूस सापडायचा नाही, आणि त्यांनी शिवलेली कुठलीही वस्तू ज्याच्यासाठी शिवली त्याला बसली, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते कळायला मामांची नोकरी माहीत हवी. मामांनी उभा जन्म एका कारखान्यात तपासनीस म्हणून काढला. समोर आलेला लोखंडी भाग ड्रॉइंगबरहुकूम आहे का ते बघायचं आणि केसभर फरक निघाला तरी परत पाठवायचा. आता ही सवय काही चपलांसारखी दाराबाहेर काढून घरात येता येत नाही. मामींच्या शंकरपाळ्यांतली एक उचलून डोळ्यांसमोर धरायचे आणि म्हणायचे, "ही बाजू जरा जास्त झालीय." मामी शांतपणे म्हणायच्या, "ठेवा रिजेक्टमध्ये. मी खाते." निवृत्त झाल्यावर तर तपासायला आम्ही नातेवाईकच उरलो. माझ्या नव्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहा घेता घेता भिंतीवरच्या फळीकडे बघून "कललीय" एवढंच म्हणाले, आणि पुढच्या खेपेला पिशवीतून सपाटी बघायची पाणसळ घेऊन आले. फळी खरंच कललेली होती, हा माझा आणखी एक त्रास.

या माणसाला शिवणाचं खूळ लागलं ते मात्र हौसेनं नाही. आमच्या घराण्यात शिवण म्हणजे मामी. घरात कुठलंही मूल जन्मलं की त्याच्या अंगात पहिलं झबलं जायचं ते मामींनी स्वतःच्या जुन्या सुती साडीतून शिवलेलं. नेसून नेसून, धुऊन धुऊन साडी अशी मऊ झालेली असते की नवं कापड तिच्यापुढे पोत्यासारखं वाटतं. माझं झबलं त्यांचंच, माझ्या मुलाचंही त्यांचंच. आणि त्यांच्या स्वतःच्या लेकीला, खराडीला राहणाऱ्या आमच्या मुग्धाला, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस राहिले तेव्हा नेमका मामींचा उजवा हात थरथरायला लागला. औषधं चालू होती, पण सुईत दोरा ओवणं दूरच, चहाचा कपसुद्धा बशीत वाजायचा. एक दिवस त्यांनी मशीनवर झाकण घातलं, त्यावर मनीप्लांटची कुंडी ठेवली आणि म्हणाल्या, "बाजारात हल्ली किती छान मिळतात लहान मुलांचे कपडे." मामी बाजारातल्या कपड्यांना छान म्हणाल्या! संध्याकाळी मामांनी ती कुंडी उचलून गॅलरीत नेऊन ठेवली आणि जाहीर केलं, "झबलं घरातच होणार. मी शिवणार."

"अहो, तुम्हाला शर्टाचं बटण लावता येत नाही," मामी म्हणाल्या.

"मला आजवर कुणी लावायला सांगितलं नव्हतं."

अडचण अशी की मूल जन्माला येण्याआधी त्याच्या कपड्याला टाका घालायचा नाही, हा मामींचा कडक नियम. आणि दुसरी अडचण त्याहून मोठी. मुग्धाच्या बाळासाठी म्हणून मामींनी एकच साडी राखून ठेवली होती, मुग्धा लहान असताना त्या रोज नेसायच्या ती फिक्या निळ्या रंगाची वायल. ती आता इतकी विरलेली होती की मधला एक पट्टा तेवढा धड होता. एक झबलं निघेल, फार तर सोबत एक टोपडं. कात्री चुकली की संपलं. म्हणून मामांनी तोवर सगळ्या घरादारावर हात बसवून घ्यायचं ठरवलं.

सुरुवात उशांच्या अभ्र्यांपासून झाली. मामांनी स्टीलच्या पट्टीनं उशी मोजली, पेन्सिल तासून तासून सुईसारखी केली, रेषा आखल्या आणि बरोबर उशीच्याच मापाचे दोन तुकडे कापले. शिवून झाल्यावर त्यात उशी जाईना. मी बिचारी समजावून सांगायला गेले, "मामा, शिवणीत कापड जातं. मापापेक्षा थोडं जास्त कापायचं असतं."

मामा माझ्याकडे बघतच राहिले. "जास्त? म्हणजे मुद्दाम चूक करायची?"

पुढचे सगळे महिने हे असंच. मिक्सरचं कव्हर मिक्सरच्या डोक्यावर टोपीसारखं बसलं. माझ्या डब्याच्या पिशवीत डबा आडवाच जायचा, म्हणजे आमटीचं काय व्हायचं ते सांगायला नको. कसबा पेठेतल्या मावशींना त्यांनी स्वयंपाकघराचा पडदा शिवून दिला तो खिडकीच्या अर्ध्यावरच संपला. मावशी म्हणाल्या, "पडदा उत्तम झालाय. खिडकीच जरा उतरलीय." मामांनी ते मनावर घेऊन खिडकी परत मोजून दिली. प्रत्येक वस्तूची शिवण सरळ, टाके एकसारखे, कोपरे काटकोनात, आणि वस्तू तोकडी. त्यातून मशीन पायानं चालवायचं जुनं. मामांचे पाय एकदाही सरळ पडले नाहीत. चाक उलटं फिरायचं आणि दोरा तुटायचा. शेवटी ते चाक हातानं फिरवायला लागले, एक टाका, मग निरखून बघणं, मग दुसरा टाका. मामी त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकायच्या नाहीत. पण स्वयंपाकघरातून नुसत्या आवाजावरून ओरडायच्या, "मागे फिरलं!" तोवर दोरा तुटलेलाच असायचा.

आम्हा सगळ्यांना हसू येत होतं आणि मनातून भीतीही वाटत होती. मुग्धाचा फोन आला, "ताई, तू प्लीज बाबांना त्या साडीपासून लांब ठेव ना. मी बाळाला काहीही घालेन गं, मला इश्यू नाही. पण ती साडी बिघडली तर आई काही बोलणार नाही, आणि आतल्या आत खचेल." पोरगी खरं तेच बोलत होती. मामींचा हात गेला होता, त्यावर ही साडीही गेली असती तर त्यांना कुणी काय सांगायचं?

मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचा फोन आला तेव्हा मामांनी दोनदा विचारलं, "दोघी नीट?" आणि मग टेबल पुसायला घेतलं. मला धाडलं नमुना आणायला, म्हणजे माझ्या मुलाचं जुनं झबलं. ती निळी वायल टेबलावर पसरली, मी दोन कोपरे धरले, मामांनी नमुना ठेवून त्याच्या काठाकाठानं रेषा आखली. एक काडीभरही इकडेतिकडे नाही. त्यांनी कात्री रेषेवर टेकवली. आणि थांबले. मग कात्री न उचलता त्यांनी हाक मारली, "अगं, जरा ये इकडे."

मामी दारात आल्या. "काय झालं?"

"किती जास्त ठेवू?"

आमच्या मामांच्या तोंडून असा प्रश्न मी कधी ऐकला नव्हता. मामी पुढे आल्या. उजवा हात पदरात धरून ठेवला होता त्यांनी. डाव्या हाताची दोन बोटं रेषेला लावून ठेवली आणि म्हणाल्या, "एवढं." मामांनी बोटांच्या बाहेरून कापलं. दर वीतभर अंतरावर मामी बोटं सरकवायच्या आणि मामा कात्री चालवायचे. कापून झालं तेव्हा आम्ही तिघांनीही एकदमच श्वास सोडला.

पण शिवायचं अजून होतंच. मामा मशीनवर बसले, पाय दाबले, चाक मागे फिरलं, दोरा तुटला आणि वायलचं टोक आत ओढलं गेलं. मामींनी ते डाव्या हातानं हळूच सोडवलं. फाटलं नव्हतं. "उठा," त्या म्हणाल्या. मामांचा चेहरा पडला. "उठा म्हणजे, त्या स्टुलावर बसा. खुर्ची मला द्या." खुर्चीवर बसून त्यांनी चपला काढल्या आणि पाय मशीनवर ठेवले. "तुम्ही कापड धरा. ओढायचं नाही, नुसतं धरायचं. ते आपलं आपण पुढे जातं."

आणि मशीन चालू लागलं! मामींचे हात मांडीवर थरथरत होते, पाय मात्र पूर्वीसारखेच, एका लयीत. मामा स्टुलावरून वाकून कापड धरून होते आणि दोघं अखंड भांडत होते. "सावकाश जरा." "सावकाशच आहे, तुम्ही वळवा." "वळवतोय, तू थांब तरी." "थांबले की दोरा तुटतो, कितीदा सांगू?" मला हसू येत होतं आणि डोळे पुसावे लागत होते. इतक्या महिन्यांचं ओझं असं भांडण ऐकता ऐकता उतरेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

तान्ह्या बाळाला झबलं उलटं घालतात, शिवण बाहेर, म्हणजे टोचत नाही. त्यामुळे मुग्धा बाळाला ते घालून घरी आली तेव्हा मामामामींची सगळी कारागिरी उघड्यावर होती. एका खांद्यावर शिवण चक्क वाकडी गेली होती. मामांना ते दुरूनच दिसलं. "आण इकडे, तेवढं उसवून देतो," असं म्हणत ते उठलेच. "हात लावून तर बघा," मामी म्हणाल्या. तेवढ्यात मुग्धाच्या सासूबाईंनी कौतुकानं विचारलं, "किती मऊ आहे हो! कुणी शिवलं?" मामींनी बाळाचा तो वाकडा खांदा त्यांच्याकडे केला आणि म्हणाल्या, "आम्ही." मामा चष्मा काढून उगाच पुसत बसले.

बाळ आता त्या झबल्यात मावत नाही. मामींच्या तोंडाशी कपही आता मामाच धरतात. पण मशीन बंद नाही. दुपारी कधी गेले की खुर्चीवर मामी आणि स्टुलावर मामा, काहीतरी शिवणं चाललेलं असतं, वादही चाललेला असतो. मी बेल न वाजवता जरा वेळ दाराशीच थांबते. मामींचे पाय असेच चालत राहोत, एवढं एकच मागणं त्या वेळी मनात येतं.