कुरुळीच्या सुनेचा डाग

लोकांना दात काढायला लावणं हे काम मी आयुष्यभर दोन्ही अर्थांनी केलं. चार मित्र चहाला बसले की दवाखान्यातलं काहीतरी सांग म्हणतात, आणि इतकं साठलंय की कुठून सुरुवात करावी हेच कळत नाही.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. दापोडीला रेल्वेफाटकाजवळ आमचा दवाखाना. पुढच्या खोलीत मोठे डॉक्टर, मागच्या खोलीत मी, नवशिका दातांचा डॉक्टर.

*

कारखान्यातला विष्णू नावाचा टर्नर गाल सुजवून आला. मी दाढ काढली. सूज हलेना. शेजारची काढली, तरी तेच. तिसरी काढल्यावर मोठ्या डॉक्टरांनी त्याच्या जबड्याखाली बोटं फिरवली. तिथे गाठी!

"हा क्षय दिसतो. दाढा कसल्या उपटताय?"

क्षय म्हणजे छाती आणि खोकला, एवढंच माझं ज्ञान. तो जबड्यात कुठून शिरला? मी पार गोंधळलो. दुसऱ्या दिवशी विष्णू काडेपेटी घेऊन हजर. आत तिन्ही दाढा धुऊनपुसून ठेवलेल्या.

"डॉक्टर, ह्यांचा दोष नव्हता ना? मग बसवा परत."

*

त्यानंतर मला प्रत्येक सुजलेल्या गालात क्षय दिसायला लागला. चिंचवडचे एक गुरुजी आले. मी आवाज खाली आणून विचारलं, घरात कुणाला क्षय आहे का?

"घरात नाही. ह्या पक्षात आहे, द्वादशीचा."

माझं डोकं गाठींत अडकलेलं. पंचांगात गळालेल्या तिथीलाही क्षय म्हणतात, हे सुचलंच नाही. मी कागदावर लिहिलं, 'द्वादशी, क्षय.' मोठ्या डॉक्टरांनी तो वाचला आणि गंभीरपणे म्हणाले, "ह्या बाईंना उद्या तपासायला घेऊन या."

गुरुजींची नुसती दाढ किडली होती.

*

मग कुरुळीहून शेवंता आली. विशीतली पोर, कडेवर सहा महिन्यांची मुलगी, जबड्याच्या कोपऱ्यावर वाहती जखम. सोबत नवरा आणि सासू, जनाबाई. सासूचा पदर ऐन उन्हाळ्यात कानांवरून गळ्याभोवती घट्ट आवळलेला.

शेवंताचा नवरा मला बाजूला घेऊन बोलला. क्षय निघाला तर हिला माहेरी धाडायचं, पोरगी आपल्याकडे ठेवायची, असं त्याच्या थोरल्या भावाने ठरवलं होतं. शेवंता दारातून आमच्या तोंडाकडे बघत होती. मला फार वाईट वाटलं.

पुण्याहून एक्स-रे काढून आणला. जबड्यावर पांढरा ठिपका. मी म्हणालो, "डाग दिसतोय."

"दिसंलच की," जनाबाई म्हणाली. "सोन्याचा हाय."

कानातलं न काढताच फोटो काढला होता. आमच्या भाषेत डाग म्हणजे आजाराची खूण, तिच्या भाषेत दागिना. पुन्हा पुण्याला पाठवलं. ह्या वेळी कुडी जनाबाईने स्वतः काढून कनवटीला लावली. नवा फोटो आला. मी हरखून ओरडलो, "डाग गेला!"

जनाबाई दचकून कनवटी चाचपायला लागली.

मोठ्या डॉक्टरांनी फोटो खिडकीशी धरला. कुडीमागचं हाड वाळवी लागल्यासारखं पोखरलेलं होतं. खोटा डाग गेला आणि खरा दिसला. तरी त्यांनी घाई केली नाही, जखमेतला तुकडा तपासायला पाठवला.

*

तुकड्याचा निकाल आला त्या दिवशी सगळे जमले. थोरला दीर तर बैलगाडी जुंपूनच आला होता. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की जबड्याचा क्षय आहे, छाती साफ आहे, काही महिने सुया आणि गोळ्या घ्याव्या लागतील, आणि निरसं दूध बंद, उकळूनच प्यायचं.

दिराने मान हलवली. "म्हंजे डाग हाय. चल शेवंता, गाडीत बस. पोरीला हितंच दे."

शेवंताने पोरीला घट्ट धरलं.

जनाबाई मधे येऊन उभी राहिली. इतक्या खेपा झाल्या, पण तिचा पदर कधी ढळला नव्हता. तिने तो आपल्या हाताने सोडला. कानापासून गळ्यापर्यंत क्षयाच्या फुटलेल्या गाठींचे सुरकुतलेले, जुने, भरलेले व्रण. मोठे डॉक्टर खुर्चीवरून उठले.

"तू पोटात हुतास तवाचं हाय ह्ये," ती थोरल्याला म्हणाली. "गाडी जुपलीच हाय, तर आदी मला धाड."