चौथ्या बोल्टची पिवळी खूण

"पुढचं डावं चाक, उणे एक पूर्णांक दोन. हलत नाही," मी केबिनमधून ओरडले आणि थांबले. बावीस वर्षं, मी आकडा सांगितला की गाडीखालच्या खड्ड्यातून विलासचं "हं" यायचं. त्या दिवशी आलं नाही... मला वाटलं, रुसला. सकाळीच आमचं वाजलं होतं. दिवाळीनंतर मी गॅरेजवर येणार नाही असं त्याला सांगितलं होतं, आणि तो काही न बोलता पाना घेऊन खड्ड्यात उतरला होता. म्हणून मीही हट्टाने आकडा पुन्हा सांगितला नाही. त्याला बोलायचं नसेल तर मी कशाला बोलू, असा तोरा मिरवत दहा मिनिटं तरी स्क्रीनकडे बघत बसले. शेवटी उतरले तेव्हा माझा धाकटा भाऊ भिंतीला टेकून बसला होता, पाना हातात तसाच. हृदयविकाराचा झटका मोठा होता, तुम्ही लगेच धावला असतात तरी उपयोग झाला नसता, असं डॉक्टर म्हणाले. चांगले डॉक्टर आहेत ते. पण माझा त्यांच्यावर विश्वास बसत नाही.

गंगापूर रोडजवळचं हे व्हील अलाइनमेंटचं दुकान दादांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं. ते अचानक गेले तेव्हा विलास एकोणीसचा होता आणि माझ्या पर्समध्ये वणीजवळच्या एका शाळेचं नेमणूकपत्र होतं. "आक्का, दोन महिने बस फक्त. मला ते कॉम्प्युटरचं जमत नाय," तो म्हणाला. मी शाळेला मुदत मागणारं पत्र लिहिलं. मग दुसरं लिहिलं. तिसरं लिहायची वेळच आली नाही, जागा भरली गेली होती. लग्न जमलं नाही, की मी जमू दिलं नाही, हे आता आठवत नाही. केबिन सहा बाय पाच फुटांची. तीन बाजूंना काच आणि चौथ्या बाजूला कॅलेंडर. लोक म्हणायचे, भावासाठी बहिणीने केवढं केलं! मी हसायचे, आणि मनातल्या मनात त्यांना झोडपून काढायचे.

त्याचा हात मात्र सोन्याचा होता, हे मी चिडलेली असतानाही मान्य करायचे. कॉइलओव्हर बसवायला, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉक लावायला, लोक लांबून यायचे. जुने बोल्ट तो परत वापरायचा नाही, मालक कितीही कुरकुरला तरी. आणि चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या आर्मचे बोल्ट गाडी अधांतरी असताना कधीच आवळायचा नाही. आधी हाताने नुसते धरवायचे, मग गाडी चाकांवर उतरवायची, दाबून दाबून तिचा भार बसू द्यायचा, आणि मगच ठरावीक जोर लागला की वाजणाऱ्या टॉर्कच्या पान्याने "टक्क" वाजेपर्यंत आवळायचं. त्या वेळी चाकाच्या कलाचा आकडा हलतो का, ते मी स्क्रीनवर बघून सांगायचं. हलला नाही की तो बोल्टवर पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायचा.

गेल्या वर्षी सटाण्याचे एक कांदा व्यापारी खालून आवाज करणारी गाडी घेऊन आले. "भाऊ, हाऊ आवाज कशाना शे?" विलासने आर्म उतरवला, त्याच्या सांध्यातलं फाटलेलं रबरी बुश हातात घेतलं आणि केबिनच्या दारात आला. "बघ आक्का. कुणीतरी गाडी लटकलेली असतानाच आवळलंय. गाडी खाली आली तरी रबर पिळलेलंच राहतं. वरून काय दिसत नाय. आतल्या आत फाटत जातं." मग तो तिथेच उभा राहिला... "तुझं मी असंच केलं ना गं?"

मला रडू आलं, म्हणून मी खेकसले, "मग सोड की बोल्ट!"

"सोडायला गेलो तर मीच पडतो," तो म्हणाला आणि परत खड्ड्यात उतरला. त्याने ते कबूल केलं एवढ्यावरच मी आणखी एक वर्ष काढलं.

तो गेल्यावर पाच आठवडे ती शेवटची गाडी खड्ड्यावर तशीच उभी होती. चारपैकी तीन बोल्टांवर पिवळी रेघ, चौथा नुसता हाताने धरवलेला. मालक बँकेतले गृहस्थ, पन्नाशीत गाडी बुटकी करायची हौस आलेली. "सावकाश होऊ द्या, ताई," म्हणायचे. शेजारच्या गॅरेजवाल्यांनी तीनदा विचारलं, आवळून देऊ का? मी तिन्ही वेळा नाही म्हटलं. तो बोल्ट आवळला की विलासचं काम संपणार होतं, आणि मला ते संपायला नको होतं. ज्या कामातून सुटायला मी बावीस वर्षं तडफडले, त्याच्याच दारात मी हात आडवे करून उभी होते.

अखेर एका दुपारी मीच खड्ड्यात उतरले. आयुष्यात पहिल्यांदा पाना लावला. "टक्क" वाजलं. आकडा हलला का, ते सांगायला केबिनमध्ये कुणी नव्हतं. वर जाऊन बघितलं. हलला नव्हता. परत उतरून रेघ ओढली, ती वाकडी आली.

गाडी गेली. दिवाळीही होऊन गेली. मला अडवणारं आता कुणी नाही. तरी रोज नऊला शटर उघडते, शिव्या घालत उघडते, पण उघडते. काल एक गाडी आली तेव्हा शेजारचा मेकॅनिक मदतीला खड्ड्यात उतरला. मी खुर्चीत बसून आकडा सांगितला. "ओके मॅडम," खालून चटकन आवाज आला.

मी थोडी थांबले... आणि तोच आकडा पुन्हा सांगितला.