पालथी पाटी

'हँडमेड' हा शब्द कुणी माझ्यासमोर काढला की माझं टाळकं सणकतं. मी महाडात शाळेवर मराठी आणि हिंदी शिकवते, शब्दांशी माझं एरवी भांडण नाही. या एकाशी आहे. आणि तो आमच्या घरात आणला माझ्या सख्ख्या चुलत भावानं.

बरीच वर्षं मुंबईत काढून तो परत आला आणि पोलादपूरला हायवेवर दुकान टाकलं. महाबळेश्वरच्या गाड्या आंबेनळी घाटाला वळायच्या आधी चहाला थांबतात, तिथंच. कोकम, आंबापोळी, आणि एका अख्ख्या भिंतीला टोपल्या, सुपं, पाट्या. वर त्याच्या बापाचा, म्हणजे माझ्या काकाचा, हा एवढा मोठा फोटो. डोक्याला मुंडासं, मांडीत अर्धी विणलेली पाटी. खाली इंग्रजीत 'हँडमेड'.

"ताई, खाली मराठीत नि हिंदीत पण लिहून दे ना," मला म्हणाला. "कस्टमरला फील येतो."

मी म्हटलं, हिंदीत 'हस्तनिर्मित' लिही. कचेरीतला शब्द आहे, कशालाही चिकटतो. इंग्रजीचंही तेच. कुणाचा हात ते विचारायचंच नाही, हात लागला की झालं. मराठीत पंचाईत आहे. आपण पाटी विणतो, चूल घालतो, दोर वळतो, गोधडी शिवतो, मडकं घडवतो. दर कामाला त्याचं त्याचं क्रियापद असताना सगळ्यांना मिळून एक शब्द हवा होता कुणाला? आणि 'हातचं' म्हणावं तर कुणाच्या हातचं ते आधी सांगावं लागतं. आईच्या हातची भाकरी. काकाच्या हातची पाटी. नुसतं 'हातचं' म्हणून थांबलात तर ऐकणारा तुमच्या तोंडाकडं बघत बसेल.

"मग बाबांच्या हातची असं लिही."

"तुझ्या बापाच्या उजव्या अंगावरनं वारं गेलंय. हात मांडीवर नुसता पडून असतो. ह्या पाट्या आल्या कुठून?"

"टेम्पोनं येतात. कुणाच्या तरी हातच्या असतीलच ना!"

"मग तेच लिही. कुणाच्या हातच्या ते ठाऊक नाही."

त्यानं ते लिहिलं नाही, हे सांगायला नकोच.

आता आमच्या वाडीची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वाडी पोलादपूरहून बरीच वर, डोंगरात. तिथं पाट्या विणणारा काका एकटाच. पाटी हंगामाच्या आत फाटली तर कुणी भांडायला येत नाही. विणणाऱ्याच्या अंगणात ती पालथी घालायची आणि निघून जायचं, तोंडातून ब्र काढायचा नाही. विणणाऱ्यानंही काही विचारायचं नाही. नवी विणून पाटीच्या मालकाच्या दारात सुलटी नेऊन ठेवायची. नवी पसंत पडली की ज्याची त्यानं पालथी उचलून न्यायची. तोवर ती अंगणात तशीच, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत. त्यापेक्षा शिव्या परवडल्या. काका छाती फुगवून सांगायचा, "माज्या अंगनात पालथा पडला तो कोंबड्यांचा डालगा. दुसरा काय नाय." मिजासखोर माणूस, पहिल्यापासून.

यंदा शिमग्याला मी होळीच्या चार दिवस आधीच वाडीत काकाकडं गेले होते. सकाळी दार उघडलं आणि अंगणाच्या मधोमध पाटी पालथी. बूड सुटलेलं.

चहा होईस्तोवर वाडीनं सगळी हकिकत आम्हाला आणून पोचवली. पाटी वरल्या घरच्या बाईची. बांधावरच्या फणसावरनं तिचं नि काकाचं कित्येक वर्षांचं वाकडं, एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पण पाटी घ्यायची ती त्याच्याच हातची. पोलादपूरच्या बाजाराला गेली, दुकानात फोटो बघितला आणि काकाची जुनी विणलेली असेल म्हणून उचलली. शेतात शेणखत वाहायला घेतलं, तर दुसऱ्याच खेपेला बूड गेलं आणि सगळं शेण बाईच्या डोक्यावरून खाली.

काका काठी टेकत ओटीवर आला. पाटीकडं बघून म्हणाला, "माज्या हातची नाय ती."

"मग जाऊन सांगा तिला."

"काय सांगू? पोरगा बापाचा फोटू लावून लबाडी करतो, असा सांगू? फोटू माजा हाय तर पाटी पन माजीच झाली."

मी भावाला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "एका पाटीचं काय घेऊन बसलीस, ताई? दुसरी पाठवतो की टेम्पोत."

काकानं माझ्या हातातला फोन ओढला. "पाठीव. तुज्याच टकुऱ्यावर पालथी घालतो!"

मग मला म्हणाला, "मास्तरीण, बस हितं."

कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, सोललेल्या पट्ट्या माळ्यावर पडून होत्या. त्या मी पाण्यात भिजवल्या. त्याचा डावा हात आणि माझे दोन, असे आम्ही विणायला बसलो. आवडीनं बसले नव्हते मी. हुन्नर, कसब, कारागिरी हे शब्द फारसी-अरबीतून आले असं मी वर्गात सांगते. काकाला त्यातला एकही लागत नाही. "आवळ! आवळ गो, वेनी घालतेस काय?" माझी बोटं चिरली तर म्हणे, "रगत पुस, पट्टी खराब करशील." मीही ऐकून घेतलं नाही. तुमच्या असल्या तोंडामुळंच पोरगा मुंबईला पळाला, असं सरळ सुनावलं. कड मात्र त्यानं मला बांधू दिली नाही. पट्टी दातात धरून, डाव्या हातानं, थांबत थांबत त्यानंच बांधली. पाटी झाली ती एका अंगाला पोट सुटलेली, दुसऱ्या अंगाला बसलेली.

होळीला भाऊ आला. पालथ्या पाटीला वळसा घालून ओटीवर चढला आणि नवी बघून त्याचे डोळेच चमकले. "वा! हे खरं हँडमेड! कस्टमरला अशीच पायजे, वाकडी. बाबा, ही मला द्या. तिला दुकानातली चांगली देऊन टाकू."

"माजी अब्रू हाय त्यात," काका म्हणाला. "ती विकायला काडू?"

"तुमचा हात आता चालत नाय, बाबा. फोटोच चालतो."

मी उठलेच होते त्याच्या थोबाडीत द्यायला. काकानं मला काठीनं अडवलं. पाटी माझ्याकडून डोक्यावर ठेवून घेतली आणि वरल्या घराच्या पायऱ्या चढायला लागला. मी आधार द्यायला गेले तर खेकसला. सगळी वाडी आपापल्या ओटीवरून बघत होती. बाई दारातच उभी होती. त्यानं पाटी तिच्या उंबऱ्याशी सुलटी ठेवली आणि मागं वळला. कुणी कुणाशी बोललं नाही.

त्या दिवशी तो जेवला नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. असली पाटी ती ठेवून घेणार नाही, हे मलाही कळत होतं. सकाळी अंगणात दोन पालथ्या दिसणार, आणि मग हा माणूस अंथरुणातून पुन्हा उठायचा नाही, या भीतीनं मला दार उघडवेना.

भावानंच उघडलं. तोंडात ब्रश घालून तो अंगणात उतरला, मी त्याच्यामागं. अंगणात आधीची एकच पालथी पाटी होती.

तेवढ्यात वरून बाई आली. डोक्यावर आमची वाकडी पाटी, शेणखतानं भरलेली. एका अंगानं खत गळत होतं, तिच्या खांद्यावर पडत होतं. अंगणात थांबली आणि रीत मोडून, घरात ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "गळते मेली! पन हात त्याचा हाय."

मग डोक्यावरची पाटी एका हातानं सावरून ती वाकली आणि बूड सुटलेली पाटी उचलली. मला वाटलं, घेऊन जाईल. ती दोन पावलं पुढं आली, माझ्या भावाच्या पायाशी ती पालथी घातली आणि शेताकडं चालू लागली.

तो तिथंच उभा. तोंडातला फेस हनुवटीवर आलेला, पुसायचंही भान नाही. आतून, खिडकीपाशी उठून आलेल्या काकाचा आवाज आला.

"मास्तरीण, कोयती दे गो त्याला. कळक तोडायचा हाय."